माप, उंबरठा, घंटा : थीम फोटोग्राफीसाठी ५० एमएमची लेन्स

कॅनॉनची ईएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम ही लेन्स क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, लावली आणि जमेल तितकी जवळ नेली, की चौकटीत साधारण साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि सात सेंटिमीटर उंच एवढाच तुकडा मावतो. म्हणजे एक वडापाव. किंवा मेथीच्या जुडीला बांधलेली सुतळी, किंवा लोखंडी वजनावर उमटवलेला शिक्का. दोन मीटरवरून घेतलं तर नव्वद बाय साठ सेंटिमीटर: कोळणीची पाटी आणि तिचे हात, बस्स. माणूस डोक्यापासून पायापर्यंत हवा असेल तर चार मीटरहून जास्त मागे सरकावं लागतं, आणि ठाण्यात जांभळी नाक्यावर सकाळी मागे चार मीटर मोकळे मिळणं कठीण.

थीम धरून फोटो काढणाऱ्यासाठी या लेन्सचं मोल नेमकं इथेच आहे. ‘आपल्याकडे फोटो काढण्यासारखं आहे काय?’ असं विचारणाऱ्याच्या हातात बहुतेक वेळा कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ एमएमची किट लेन्स असते. १८ वर तलाव, देऊळ, रिक्षा, केबलचं जाळं आणि आभाळ असं सगळं एकदम येतं, आणि फोटो कशाचा आहे तेच हरवतं. फिफ्टी, म्हणजे ही ५० एमएम, एका वेळी एकच वस्तू घेते. त्यामुळे आज काय शोधायचं हे घरातून निघतानाच ठरवावं लागतं, आणि ते एकदा ठरलं की रोजच्या रस्त्यावर ती वस्तू जागोजागी दिसायला लागते. म्हणून हे परीक्षण एकाच प्रश्नापुरतं आहे: ठाणे आणि नवी मुंबईत, आणि इथून निघून केलेल्या प्रवासात, कोणत्या थीम या लेन्सला पेलतात आणि कोणत्या नाही.

आधी लेन्सबद्दल थोडं. २०१५ मध्ये आलेली, वजन सुमारे १६० ग्रॅम, माउंट धातूचा, फिल्टरचा व्यास ४९ एमएम, अॅपर्चरच्या (उजेड आत येण्याच्या भोकाच्या; एफपुढचा आकडा लहान तितकं भोक मोठं) पाती सात. आतमध्ये सहा भिंगं, पाच गटांत. इमेज स्टॅबिलायझेशन नाही, पाण्या-धुळीपासून सीलिंग नाही. क्रॉप बॉडीवर तिचा कोन फुल फ्रेमवरच्या (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावरच्या) ८० एमएमइतका होतो, म्हणून हातात धरून काढताना शटर १/८० सेकंदाहून सावकाश नेऊ नये. समोरची वस्तू हलत असेल तर १/२५० धरावा. सर्वांत जवळचा फोकस ३५ सेंटिमीटर, पण हे अंतर लेन्सच्या तोंडापासून मोजायचं नसतं. कॅमेऱ्यावर वरच्या बाजूला गोलातून आडवी रेघ गेलेली खूण असते, तिथे सेन्सर असतो आणि अंतर तिथून धरतात. लेन्सच्या तोंडापासून वस्तूपर्यंत उरते ती साधारण एक वीत आणि दोन बोटं. त्याहून जवळ गेलात तर ऑटोफोकस नुसता पुढेमागे धावत राहतो, आणि लेन्स बिघडली असं वाटतं. बिघडलेली नसते. अर्धं पाऊल मागे या.

आता थीम. पहिल्यांदा फिफ्टी घेतलेल्याने ‘एकटेपणा’, ‘शहराचा वेग’ असले विषय घेऊ नयेत. हाताने दाखवता येईल अशी वस्तू घ्यावी. सगळ्यात जास्त देणारी एक थीम आहे ‘माप’. बाजारात मोजायच्या जितक्या तऱ्हा आहेत तितके फोटो आहेत. भाजी काट्यावर मोजतात, मेथी-कोथिंबीर जुडीने, केळी डझनाने, हापूस पेटीने, कांदा गोणीने. कोळीण मासळीचा वाटा लावते. मांदेलीचे पाच वाटे पाटीच्या कडेला मांडलेले असतात, त्यातला प्रत्येक ढीग तिने नुसत्या नजरेने सारखा केलेला असतो, आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की वर दोन मांदेली टाकली जातात. ती दोन टाकणारी बोटं हा या थीममधला सर्वांत सुंदर फोटो आहे. त्यासाठी एका मीटरवर बसा, एफ/४, शटर १/५००, आणि फोकस बोटांवर न धरता वाट्यावर धरून ठेवा. बोटं तिथेच येणार असतात.

एक मीटरवर एफ/१.८ ला खोली, म्हणजे पुढूनमागे धारदार येणारा भाग, मिळते फक्त अडीच सेंटिमीटर. वाटा मांदेलीचा असो की बोंबलाचा, त्याहून उंच असतो. म्हणून सगळेच फोटो एफ/१.८ वर काढायचा मोह इथे सोडावा लागतो. एफ/५.६ ला हीच खोली आठ सेंटिमीटर होते आणि मागची गर्दी तरीही पुरेशी विरघळलेली राहते. अगदी जवळ, ३५ सेंटिमीटरवर, एफ/१.८ ला खोली दोन मिलिमीटरच्याही आत येते. वजनावरचा शिक्का तिरका असेल तर त्यातलं एखादंच अक्षर धारदार येईल. वजन समोरासमोर धरायला सांगा, किंवा एफ/८ वर जा.

जांभळी नाक्यावर सकाळी लवकर आणि दिवेलागणीला असे दोन वेगळे बाजार असतात, आणि फोटोंच्या दृष्टीने दुसरा जास्त त्रासाचा. दुकानांचे आणि गाड्यांवरचे एलईडी दिवे विजेच्या लहरीबरोबर लुकलुकतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला शंभर वेळा. १/२५० किंवा १/५०० ला फोटोत काळपट आडवे पट्टे दिसतात, कधी अर्धी भाजी पिवळी आणि अर्धी राखाडी येते. शटर १/१०० किंवा १/५० वर आणला की पट्टे जातात. १/५० हातात डळमळतो, म्हणून १/१०० धरा, एफ/२.२, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६०० च्या आसपास. इलेक्ट्रॉनिक काट्याचे लाल आकडे ही तर वेगळीच गंमत. ते सगळे एकदम पेटत नाहीत, एकामागून एक इतक्या वेगाने पेटतात की डोळ्याला अखंड दिसतात. वेगवान शटरला मात्र ‘०.५००’ ऐवजी ‘०. ०’ असं काहीतरी अर्धवट उमटतं. १/६० किंवा त्याहून सावकाश शटरला आकडा पूर्ण येतो. कॅमेरा गाड्याच्या कडेला टेकवून धरला तर तेवढं जमतं.

हीच थीम घेऊन ट्रान्सहार्बर लोकलने तुर्भे किंवा सानपाड्याला उतरा आणि वाशीच्या एपीएमसीत (कृषी उत्पन्न बाजार समितीत) जा. कांदा-बटाटा, फळं, भाजी, मसाला आणि धान्य असे इथले बाजार वेगवेगळे आहेत, आणि एका फेरीत एकच बाजार करावा. एप्रिल-मे महिन्यांत फळबाजार घ्यावा. हापूसच्या पेट्यांमधलं गवत, पेटीच्या फळीवर मारलेला गाळ्याचा शिक्का, पुठ्ठ्यावर स्केचपेनाने लिहिलेला डझनाचा आकडा, सगळं फिफ्टीच्या मापाचं आहे. रुमालाखाली बोटांनी भाव ठरवायची जुनी पद्धतही याच बाजारांतली. एखाद्या फोटोत दोन हात आणि वर कापड एवढंच असावं, तर तो याच लेन्सने. मात्र तो विचारून काढा. गाळ्यात पाऊल टाकायच्या आधी गाळ्यावर बसलेल्या शेटला विचारा, हातगाडीच्या वाटेत उभे राहू नका, खांबाला पाठ लावून उभे राहा. हमालाच्या डोक्यावर पन्नास किलोची गोणी असते. त्याने तुमच्यासाठी वाट बदलायची नसते, तुम्ही बदलायची.

पत्र्याच्या छपराखाली उजेड वरच्या फटींतून पट्ट्यांनी उतरतो. कॅमेऱ्याचा मीटर त्या पट्ट्याला भुलून बाकी सगळं काळं करतो, नाहीतर पांढऱ्या गोण्यांना पाहून सगळं करडं करतो. स्पॉट मीटरिंग (चौकटीतल्या एका ठिपक्यापुरता उजेड मोजणं) ठेवून ज्या मापाचा फोटो आहे त्यावर उजेड मोजावा. स्टीलच्या पारड्याच्या चकाकत्या कडेला एफ/१.८ वर जांभळी-हिरवी झाक येते. जांभळी सॉफ्टवेअरमध्ये बरीच जाते, पण फोकसच्या मागे येणारी हिरवी चिवट असते. एफ/२.८ ला ती बरीच कमी होते. एवढ्या स्वस्त लेन्सकडून हे समजून घेण्यासारखं आहे, पण धातूची थीम घेणाऱ्याला आधी ठाऊक हवं.

दुसरी थीम: उंबरठा. त्यासाठी सीबीडी बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. सिडकोने वास्तुरचनाकार चार्ल्स कोरियांकडून १९८० च्या दशकात ही वसाहत आखून घेतली. सात घरं एका चौकाभोवती, चौक सुमारे आठ मीटर बाय आठ मीटर, आणि असे तीन समूह मिळून त्याहून मोठ्या मोकळ्या जागेभोवती. घरं वाढवता येतील अशीच आखणी होती, आणि रहिवाशांनी ती वाढवली, पाडली, नव्याने बांधली. त्यामुळे आज एका चौकात कौलारू ओसरीशेजारी ग्रॅनाइटचा जिना दिसतो.

वास्तुरचना टिपायला जाणारा इथे फिफ्टी घेऊन पस्तावतो. आठ मीटरच्या चौकात एका टोकाला पाठ टेकवून दुसऱ्या टोकाला पाहिलं तरी चौकटीत साडेतीन मीटरच येतात, म्हणजे अख्खं घर नाहीच. येतो तो दरवाजा, पायरी, बाजूची तुळस आणि पायरीवरच्या चपला. म्हणून इथली थीम घर न ठेवता उंबरठा ठेवायची. जुना लाकडी उंबरठा, संगमरवराची पट्टी, फक्त फरशीचा रंग बदललेला, हळदी-कुंकवाची बोटं ओढलेला, रांगोळीचे ठिपके पुसत आलेले, लोखंडी जाळीच्या दारामागे झाकलेला: एका सकाळी तीन-चार चौक हिंडलं की दहा-बारा वेगळे उंबरठे मिळतात.

इथे चूक होते ती कॅमेऱ्याच्या उंचीत. उभ्या माणसाच्या डोळ्याच्या उंचीवरून कॅमेरा खाली झुकवला की दाराच्या दोन्ही चौकटी खाली निमुळत्या होत जातात आणि दार पडतंय असं वाटतं. उकिडवं बसा, लेन्स उंबरठ्यापासून दोन-अडीच फूट उंचीवर आणा आणि कॅमेरा सरळ धरा. फक्त चपला हव्या असतील तर उलट करा: बरोबर वरून, कॅमेरा जमिनीला समांतर. सूर्य पाठीमागे असेल तर स्वतःची सावली चपलांवर पडते, तेव्हा ऊन डाव्या-उजव्या बाजूला येईल असे उभे राहा. दारातला अंधार आणि अंगणातलं ऊन यांत सहज चार-पाच स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा) फरक असतो. रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या मूळ, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा आणि उजेड उंबरठ्यावर मोजा. आतलं थोडं काळं पडलं तर पडू द्या. ते लोकांचं घर आहे, आतलं सगळं दिसायची गरजही नाही. दाराशी कोणी असेल तर ‘काका, फक्त पायरीचा फोटो काढू का?’ एवढं विचारलं की पुरतं. नाही म्हटलं तर पुढच्या चौकात जा.

पाण्याच्या थीमवर थोडक्यात. ठाण्याला तलावांचं शहर म्हणतात आणि मासुंदा, कचराळी, उपवन यांच्या काठावर कॅमेरे रोज असतात. बहुतेक जण अख्खा तलाव घेतात. फिफ्टीवर घ्यायचं ते पाण्यातलं प्रतिबिंब: मासुंदाच्या पाण्यात कोपिनेश्वराच्या बाजूचे दिवे, काठावरचा नारळ, बोटीचा रंग. प्रतिबिंबाचा फोकस पाण्याच्या पृष्ठभागावर नसतो, मूळ वस्तू जितकी लांब तितक्या अंतरावर असतो. त्यामुळे एफ/१.८ ला एकतर तरंगतं पान धारदार येईल, नाहीतर त्याखालचा दिवा. दोन्ही एकदम येणार नाहीत. कोणतं हवं ते ठरवा. ४९ एमएमचा पोलरायझर लावून पाण्याकडे साधारण ३७ अंशांनी खाली पाहिलं की चकाकी सर्वांत जास्त कापली जाते, आणि प्रतिबिंबाची थीम असेल तर नेमकं तेच नको असतं! तेव्हा पोलरायझर काढून ठेवा, दीड स्टॉप उजेडही वाचतो. रात्री एफ/११ ला काठावरच्या दिव्यांना चौदा किरणं फुटतात. पाती सात, विषम संख्येला दुप्पट किरणं. मात्र त्यासाठी ट्रायपॉड लागेल.

आता जिथे ही लेन्स सपशेल हरते ती जागा: रोहित पक्षी. ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) दर्जा मिळाला, आणि ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून बोटीने जाता येतं. तिथे फिफ्टी नेऊ नका. मीटरभर उंचीचा पक्षी ४० मीटरवर असेल तर तो चौकटीच्या उंचीचा बारावा भाग व्यापतो. कापून मोठा केला तरी पिसं दिसणार नाहीत. तिथे ३०० किंवा ४०० एमएम लागते.

पण थीम सोडायची गरज नाही, फक्त ती वस्तूवरून रंगावर न्यावी. ‘गुलाबी’. नवी मुंबईने रोहित पक्षी आपल्या भिंतींवर, चौकांत, उड्डाणपुलांखाली आणून ठेवला आहे. त्या भिंतीवरचं सोलवटलेला पंख, त्यापुढे उभा बर्फगोळ्याचा गाडा, सरबतवाल्याच्या काचेच्या बरणीतलं कोकम, विसर्जनानंतर रस्त्यावर उरलेला गुलाल, दिवाळे गावात वाळत घातलेलं लुगडं: दोन मीटर आणि एफ/२.८, खोली सोळा सेंटिमीटर, बाकी सगळं मऊ. गुलाबी आणि राणी रंगात एक फसवी गोष्ट आहे. साधा हिस्टोग्राम (कॅमेऱ्यातला उजेडाचा आलेख) ठीक दिसतो आणि तरीही लाल चॅनल वरच्या टोकाला आपटलेला असतो. मग लुगड्याच्या चुण्या जाऊन नुसता सपाट गुलाबी डाग उरतो. आरजीबी हिस्टोग्राम लावा, लाल उजवीकडे चिकटला असेल तर एक्स्पोजर २/३ स्टॉपने खाली आणा. व्हाइट बॅलन्स ऑटोवर ठेवला तर प्रत्येक फोटोत गुलाबी निराळा येतो आणि दहा फोटो शेजारी मांडले की थीमच मोडते. उन्हात ५२०० केल्विन हाताने बसवा आणि फेरी संपेपर्यंत तसंच ठेवा.

प्रवासात ही लेन्स न्यायची की नाही, याचं उत्तर डोंगर-दऱ्या हव्या असतील तर नाही असं आहे. वस्तूचा माग काढायचा असेल तर हीच एक न्यावी. ठाण्याहून सुरू होणारी एक अप्रतिम थीम म्हणजे घंटा. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला, १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने वसई जिंकली, आणि वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून महाराष्ट्रभरच्या देवळांत गेल्या. नाशिकला गोदावरीकाठी नारोशंकराच्या देवळात एक आहे, भीमाशंकरला एक, वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्याखालच्या घाटावर एक. ठाण्यात तलावपाळीवर (मासुंदाच्या काठी) कोपिनेश्वर आणि सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहेत, तिथून सुरुवात करावी आणि मग कसाऱ्याच्या घाटातून नाशिक, पुढे एखाद्या सुट्टीत मेणवली. एक थीम वर्षभर पुरते.

मोठ्या घंटेवर उठावातली नक्षी आणि अक्षरं असतात. दुपारी समोरून ऊन पडलं की ती सपाट होतात. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन कडेने येतं तेव्हा प्रत्येक अक्षराला सावली मिळते आणि हाताने चाचपल्यासारखं वाचता येतं. एक मीटर अंतर, एफ/८, खोली सुमारे अकरा सेंटिमीटर. घंटेची गोलाई तेवढ्यात सांभाळली जाते. मागे उघडं आभाळ असेल तर एक्स्पोजर एक स्टॉप वर न्या, नाहीतर घंटा नुसती काळी आकृती होते. देवळातल्या छोट्या पितळी घंटा मात्र घासून आरशासारख्या असतात आणि त्यात कॅमेरा धरलेला माणूस स्पष्ट दिसतो. थोडं तिरकं उभे राहा आणि अंगात फिका शर्ट घालू नका. गाभाऱ्यात फोटोला मनाई असते तिथे कॅमेरा बॅगेत, यावर वाद घालू नये. थीमला मंडपातली घंटा पुरते.

एसटीच्या खिडकीतून काढायचं असेल तर शटर १/१००० आणि लेन्स काचेच्या जवळ, पण काचेला टेकवून नाही. टेकवली तर गाडीची थरथर थेट लेन्समध्ये येते, आणि या लेन्सचं पुढचं नळकांडं फोकस करताना आतबाहेर सरकतं, त्यावर दाब पडतो. ही तिची सर्वांत नाजूक जागा. जवळचा फोकस करून कॅमेरा बंद केला आणि तसाच बॅगेत कोंबला, तर बाहेर आलेलं नळकांडं आत ढकललं जाऊन फोकसची यंत्रणा अडकू शकते. फोकस रिंग इलेक्ट्रॉनिक आहे, कॅमेरा बंद असताना फिरवून ते आत जात नाही. बंद करण्याआधी लांबच्या वस्तूवर फोकस करायची सवय लावा. काही बॉडींच्या मेनूमध्ये बंद करताना लेन्स आपोआप आत घ्यायची सोय असते, ती चालू ठेवा. ईएस-६८ हा हूड वेगळा घ्यावा लागतो, आणि तो घ्याच. तो बाहेरच्या स्थिर भागावर बसतो, त्यामुळे गर्दीतला धक्का हूडला बसतो, नळकांड्याला नाही. समोरून ऊन आलं की चित्रावर जो पांढुरका पडदा पसरतो, तोही कमी होतो.

आपल्याकडच्या हवेत कोणत्याही लेन्सचा मोठा शत्रू बुरशी. जुलै-ऑगस्टमध्ये खाडीकाठच्या घरात आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते, आणि कपाटात बॅगेसकट ठेवलेल्या लेन्सवर काही आठवड्यांत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसू लागतात. चामड्याची किंवा कापडी पिशवी तर ओल धरूनच ठेवते. रबरी कडेचा हवाबंद डबा, त्यात शंभर-दोनशे ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक, एवढ्यात काम होतं. आकडा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. ३० च्या खाली फार दिवस नको. तांदळात ठेवायचा सल्ला ऐकू नका, तांदूळ ओल फारशी ओढत नाही आणि त्याची पूड नळकांड्याच्या फटीत जाते. सिलिका जेल नारिंगी रंगाचं घ्या, ओलावलं की हिरवं होतं. निळ्यात कोबाल्टचं विषारी संयुग असतं, ते पुन्हा वाळवायला स्वयंपाकाच्या भांड्यात तापवायचं नसतं. एसी खोलीतून थेट पावसाळी हवेत आलात की काचेवर बाष्प बसतं. पुसू नका. बाहेर पडल्यावर बॅग वीस-तीस मिनिटं बंदच ठेवली तर बाष्प बसणारच नाही.

घेण्याआधी एक फुकटची चाचणी आहे. फोनचा कॅमेरा ३एक्सवर ठेवा. बहुतेक फोनांचा मुख्य कॅमेरा २४ ते २६ एमएमइतका असतो, त्यामुळे ३एक्सला क्रॉप बॉडीवरच्या फिफ्टीइतकाच कोन मिळतो. आठवडाभर घर ते स्टेशन याच कोनातून एकाच वस्तूचे फोटो काढा: छत्री, दोरी, खुर्ची, काहीही. दर वेळी मागे सरकावंसं वाटलं तर तुम्हाला २४ किंवा ३५ एमएम हवी आहे. पुढे जावंसं वाटलं तर फिफ्टी तुमची. आणखीच पुढे, मुंगी किंवा जास्वंदीच्या परागांपर्यंत जायचं असेल तर हिच्यासोबत १२ एमएमची एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारं पोकळ कडं) घ्या, आकारमान (सेन्सरवरची प्रतिमा वस्तूच्या किती पट) ०.२१ वरून साधारण ०.४५ पटीपर्यंत जातं. ट्यूब विद्युत संपर्क असलेलीच घ्या. साध्या ट्यूबवर अॅपर्चर बदलता येत नाही आणि फोकस रिंगही मरते.

कॅनॉनची आरसा नसलेली, मिररलेस आरएफ बॉडी असेल तर ईएफ अॅडाप्टरच्या भानगडीत पडण्यापेक्षा आरएफ ५० एमएम एफ/१.८ एसटीएम बरी. ती ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते, आकारमान ०.२५, वजन तेवढंच. फिल्टर मात्र ४३ एमएमचा, म्हणजे जुने ४९ चे थेट बसणार नाहीत. डीएसएलआर (आरसा असलेला कॅमेरा) आधीच हातात असेल तर ईएफच, आणि ती जुन्यात भरपूर मिळते.

जुनी घेताना दुकानात उभ्या उभ्या एवढं पाहा. दोन्ही टोप्या काढून मागून फोनचा टॉर्च टाका आणि समोरून तिरकं बघा: धूळ चालेल, धागे किंवा धुकट ठिपके असतील तर परत द्या. ती बुरशी साफ करायचा खर्च लेन्सच्या किमतीला लागतो. मग बॉडीवर लावून ३५ सेंटिमीटर आणि लांबची पाटी यांच्यात दहा वेळा फोकस करा. मोटरचा हलका गुंजारव ठीक आहे, करकर किंवा मध्येच अडकणं नाही. नळकांडं बाहेर असताना दोन बोटांनी अगदी हळू हलवून पाहा, किंचित हालचाल चालते, डुलायला नको. शेवटी दुकानदाराच्या भिंतीवरच्या कॅलेंडरचा समोरासमोर एक फोटो एफ/२.८ वर काढा आणि स्क्रीनवर मोठा करून चारही कोपऱ्यांतल्या तारखा वाचा. एकाच बाजूच्या तारखा धूसर असतील, तर आतलं भिंग सरकलेलं आहे. तशी लेन्स निम्म्या किमतीतही घेऊ नका.